वेढा कुणाला पडला आहे?

वसईच्या किल्ल्याच्या सावलीत ज्यांचे बालपण गेले त्यांना ‘वेढा’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. शाळेच्या सहलीत पडक्या चर्चच्या भिंतींमधून हिंडताना गुरुजी हात लांब करून दाखवीत : चिमाजी अप्पांचे सैन्य त्या अंगाला होते, खाडी या अंगाला, सुरुंगाने तट पडला तो तिथे. साल १७३९. आम्हा वसईच्या ख्रिस्ती मुलांची त्या गोष्टीत मोठी पंचाईत होई. मराठी म्हणून आम्ही तटाबाहेर उभे असू आणि कॅथलिक म्हणून तटाच्या आत. वेढ्याची गोष्ट दोन्ही बाजूंनी ऐकण्याची सवय आम्हांला तेव्हापासून लागली. क्लारा क्लेबोर्न पार्क या अमेरिकन लेखिकेचे ‘द सीज’ हे पुस्तक वाचताना तीच सवय आमच्या उपयोगी पडली.

‘सीज’ म्हणजे वेढा. एका ऑटिस्टिक मुलीच्या पहिल्या आठ वर्षांची हकीकत तिच्या आईने या पुस्तकात लिहिली, आणि ते १९६७ साली प्रसिद्ध झाले. लेखिका मॅसॅच्युसेट्स राज्यातील विल्यम्सटाउन या कॉलेजच्या लहानशा गावात राहणारी. पती भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. तीन मुले हाताशी येत चाललेली, आणि १९५८ साली चौथे अपत्य झाले, मुलगी. तिचे खरे नाव जेसी; या पुस्तकात तिला एली म्हटले आहे. मूल दिसायला सुंदर, प्रकृतीने ठणठणीत, आणि कुणाचेच नव्हे. हाक मारली तर वळत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, माणसाच्या आरपार पाहते, जमिनीवरच्या एका ठिपक्याभोवती रांगत गोल गोल फिरते आणि आपल्याशीच हसते. तिला कशाचीच उणीव भासत नाही, हेच तिच्या घरच्यांचे दुःख. मूल तटाबाहेर येत नाही, तेव्हा आपणच तटाला वेढा घालावयाचा, असे आई ठरवते. तोफा नाहीत, सुरुंग नाहीत. आहे तो केवळ चिवटपणा. पुस्तकाचे नाव तेथून आले.

हे पुस्तक आम्ही समीक्षकाच्या तटस्थतेने वाचले असे म्हटले तर ते खोटे ठरेल. आमचा धाकटा मुलगा ऑटिस्टिक आहे. तो आता बारा वर्षांचा आहे. मुंबईत फोर्टातल्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात आम्हांला ही प्रत मिळाली, तेव्हा त्याचे निदान होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. प्रथम वाचले ते औषध म्हणून. दुसऱ्यांदा वाचले तेव्हा पुस्तक म्हणून वाचता आले, आणि त्यानंतर त्याच्याशी भांडणही सुरू झाले. हा लेख म्हणजे ते भांडण आहे. पण ज्याच्याशी भांडावेसे वाटते त्याचे ऋण आधी सांगितले पाहिजे.

पार्कबाईंचा पहिला गुण त्यांचे पाहणे. मुलगी नळ स्वतः फिरवीत नाही, दुसऱ्याचा हात धरून नळावर नेते, जणू तो हात म्हणजे एक पकड आहे. आई आपला हात तिच्या हातावर ठेवते, जोर आपला लावते, आणि तो जोर इतका हळूहळू कमी करीत जाते की एके दिवशी नळ मुलीनेच फिरवलेला असतो. या साध्या घटनेवर बाई अशा रेंगाळतात की आपणही श्वास रोखून नळाकडे पाहत राहतो. कुठे हुंदका नाही, देवाला दोष नाही, ‘पाहा माझे मातृत्व’ असा आव नाही. मराठीत आई या विषयावर लिहिताना आपली लेखणी फार लवकर ओली होते. एवढे कोरडे आणि एवढे मायेचे गद्य आम्ही क्वचितच वाचले आहे. आमचा मुलगाही आमचा हात धरून फ्रिजच्या दाराकडे नेई. ही वागणूक जगात आणखी कुणाच्या तरी घरी होती, कुणीतरी ती न लाजता लिहून ठेवली होती, एवढ्यानेच त्या रात्री आम्हांला झोप लागली.

योगायोग असा की १९६७ सालीच त्याच विषयावर आणखी एक ग्रंथ निघाला आणि त्याच्याही नावात किल्ला होता. शिकागोतील नामवंत मानसोपचारक ब्रूनो बेटलहाइम यांचा ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’, म्हणजे रिकामा किल्ला. बेटलहाइम स्वतः डाखाउ आणि बुखेनवाल्ड येथील नाझी छळछावण्यांतून गेलेले. आशा संपलेला कैदी जसा स्वतःत मिटून जातो तसेच ही मुले मिटलेली आहेत, असे त्यांनी मांडले. आणि मग छावणीच्या पहारेकऱ्याची जागा कुणाची, या प्रश्नाला त्यांचे उत्तर एकच होते : आईची. आईला मूल मनातून नको होते, म्हणून मूल किल्ल्यात जाऊन बसले. या विचाराचे बीज आधीच पडलेले होते. बाल्टिमोरचे डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचा अभ्यास करून या अवस्थेचे प्रथम वर्णन केले, तेव्हा आईबापांच्या थंड स्वभावाचीही त्यांनी नोंद केली. पुढे तर फ्रिजची उपमाही दिली. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशाच मुलाचा बाप होता, १९६४ साली ती उपपत्ती खोडून काढली. १९६९ साली खुद्द कॅनर पालकांच्या सभेत उभे राहिले आणि त्यांनी आईबापांना दोषमुक्त केले. तोपर्यंत किती आया आपल्याच मुलाच्या गुन्हेगार म्हणून जगल्या असतील! ही अवस्था मेंदूच्या जन्मजात घडणीतली असते, तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, आईच्या मायेच्या कमीजास्तीचा तिच्याशी संबंध नाही, हे आता निर्विवाद आहे.

निर्विवाद आहे, पण आपल्या वाडीत ते पोहोचले आहे का? आमच्या घरी आलेल्या पाहुण्यांनी कारणे सांगितली ती अशी : गरोदरपणी ग्रहण पाहिले असेल, नोकरीपायी मुलाला आजीवर टाकले, घरात फार इंग्रजी बोलता, कुणाचा तरी तळतळाट. एका भल्या माणसाने विचारले, घराण्यात पूर्वी कुणी काही केले होते का? योहानलिखित शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य नेमके हेच विचारतात : पाप याचे की याच्या आईबापांचे? प्रभू येशू दोन्ही नाकारतो. दर तीन वर्षांनी उपवासकाळात हे वाचन आपण उभे राहून ऐकतो. वाचन संपते, आपण बसतो, आणि शिष्यांचाच प्रश्न घेऊन शेजारच्या घरी जातो. बेटलहाइमला शिकागोत जे सुचले ते सुचायला आपल्याला त्याचा ग्रंथ वाचावा लागला नाही.

पार्कबाईंचे थोरपण असे की त्यांनी किल्ल्याची प्रतिमा स्वीकारली आणि आईला पहारेकऱ्याच्या जागेवरून उठवून वेढा घालणाऱ्याच्या जागी नेले. आई दोषी नाही, आई उपाय आहे. १९६७ साली हे लिहिण्यास फार धैर्य लागले असेल. तज्ज्ञांच्या दारात आईबापांना संशयित म्हणून कसे बसवले जाई, त्याचे प्रकरण त्यांनी कसलाही तोल न सोडता लिहिले आहे. ज्यांनी दवाखान्याच्या बाकावर फाइल मांडीवर घेऊन दुपार काढली आहे त्यांनी ते जरूर वाचावे.

आता भांडण. वेढा शेवटी कुणाला घालतात? शत्रूला. किल्ल्याच्या आत जो असतो त्याने दार मुद्दाम लावलेले असते. बाईंनी ही प्रतिमा प्रेमाने वापरली हे खरे, पण प्रतिमेला स्वतःचा स्वभाव असतो आणि ती लेखकालाही ओढत नेते. पुस्तकाच्या काही प्रकरणांच्या मथळ्यांतच मुलीचा दुबळेपणा, तिचे आंधळेपण, बहिरेपण हेतुपुरस्सर असल्याचे म्हटले आहे. मूल ऐकू शकते, पण ऐकत नाही. करू शकते, पण करीत नाही. पहिल्या वाचनात आम्हांला हे पटले होते. त्या दिवसांत आमचा मुलगा चर्चमध्ये कानांवर हात ठेवून किंचाळला की आम्ही त्याचे हात ओढून खाली करीत असू. हट्ट आहे, मोडलाच पाहिजे, असे आम्ही समजत होतो. हे लिहिताना आजही हात थांबतो.

ती चूक आम्हांला दाखवली टेम्पल ग्रॅन्डिन या विदुषीने. १९४७ साली जन्मलेली ही ऑटिस्टिक स्त्री पुढे कोलोरॅडोच्या विद्यापीठात पशुविज्ञानाची प्राध्यापक झाली. ‘इमर्जन्स’ हे तिचे आत्मकथन १९८६ साली आले, ‘थिंकिंग इन पिक्चर्स’ १९९५ साली. किल्ल्याच्या आतून आलेली ही साक्ष. मोठा आवाज आपल्या कानाला कसा लागतो ते सांगताना ती दंतवैद्याचे यंत्र नसेला लागावे तशी वेदना सांगते. हवे असलेले आलिंगनसुद्धा अंगावर लाटेसारखे कोसळते, सोसत नाही, असे ती लिहिते. हे वाचल्यावर आमच्या चर्चमधला रविवार आम्हांला प्रथमच मुलाच्या कानांनी ऐकू आला : गायनवृंदाचा माइक मधूनच शिटी मारतो, पाळणाघरासारखा मागच्या बाकांवरचा कलकलाट, घंटा, आणि सणाच्या दिवशी दाराशीच ब्रास बँड व फटाके. त्याचे हात हा हेतुपुरस्सर उभारलेला तट नव्हता. जळत्या वस्तूपासून आपण हात मागे घेतो तसेच ते होते.

कानांचे दुःख आहे तसे डोळ्यांचे सुखही आहे, तेही सांगितले पाहिजे. मिस्सा चालू असताना आमच्या मुलाची नजर छताला असते. आमच्या चर्चमध्ये अठरा पंखे आहेत. उजवीकडचा चौथा पंखा डगमगतो हे त्याने आम्हांला हाताने करून दाखवले, आणि दोन महिन्यांनी चर्चच्या समितीने तो खरेच उतरवून घेतला. प्रवचनात काय सांगितले ते किती मोठ्या माणसांना आठवते, हे विचारण्याची ही जागा नव्हे.

मराठीत या अवस्थेला ‘स्वमग्नता’ म्हणतात. शब्द व्युत्पत्तीला धरून आहे, कारण मूळ शब्द ऑइगेन ब्लॉयलर या स्विस मनोवैद्याने १९११च्या सुमारास ग्रीक ‘स्व’ वरूनच घडवला. तरीही तो आम्हांला खटकतो. ‘मग्न’ हा आपल्याकडे गौरवाचा शब्द. माणूस भजनात मग्न असतो, प्रार्थनेत मग्न असतो. त्यामागे ‘स्व’ लावला की तोच शब्द दूषण होतो; स्वार्थी, स्वकेंद्रित, आपल्यापुरते पाहणारा अशा शब्दांच्या पंगतीला जाऊन बसतो. ऐकणाऱ्याला वाटते, हे मूल स्वतःत रमले आहे, आपण कशाला मध्ये पडावे? पुन्हा तोच किल्ला, फक्त संस्कृतात बांधलेला. दुसरा चांगला शब्द आमच्यापाशी नाही. आमच्या घरी पाहुण्याला आम्ही सांगतो, याला जग फार जोरात ऐकू येते. ही व्याख्या अपुरी आहे, पण ती ऐकून पाहुणा निदान आवाज खाली आणतो.

सिनेमाचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण आमच्या मुलाविषयी कळताच निम्मे लोक ‘रेन मॅन’ची आठवण काढतात आणि तरुण मंडळी ‘माय नेम इज खान’ किंवा ‘बर्फी’ची. १९८८, २०१० आणि २०१२ या सालांतले हे चित्रपट. त्यांच्यामुळे शब्द घराघरांत गेला, हे उपकार. पण पडद्यावरचा ऑटिस्टिक माणूस एकतर आकड्यांचा जादूगार असतो, नाहीतर निष्पाप देवदूत. ‘तुमचा कशात हुशार आहे?’ हा प्रश्न आम्हांला एवढ्यांदा विचारला गेला आहे की पंख्यांची गोष्ट आम्ही तयारच ठेवली आहे. साध्या बुद्धीचा, रात्री दोनला उठणारा, बाराव्या वर्षी स्वच्छतागृहात मदत लागणारा मुलगा कुठल्याच पटकथेत बसत नाही.

आपल्या धार्मिक बोलण्यातही तो बसत नाही. ‘देवाने तुम्हांलाच निवडले’, ‘असे मूल खास आईबापांनाच मिळते’, ‘हा तुमचा क्रूस आहे, तुम्ही किती धीराने वाहता!’ ही वाक्ये सांगणाऱ्यांचे मन चांगले असते, यात शंका नाही. पण ती म्हटल्यानंतर सांगणारा घरी जातो, आणि क्रूस होता तिथेच राहतो. वेदनेच्या वाटेवर सायमन कुरेनेकराने येशूची स्तुती केली नव्हती, लाकडाचे एक टोक धरले होते. बेटलहाइमच्या दोषारोपाने आणि आपल्या या गौरवाने आईबापांचे एकच होते : ती दोघे एकटी पडतात. दोषी माणसाकडे कुणी जात नाही, आणि संताच्या घरी भांडी घासायला कुणी येत नाही.

आणि म्हणून, पार्कबाईंचे पुस्तक तिसऱ्यांदा वाचताना आम्हांला असे दिसले की वेढा मुलाला पडलेला नाही, घराला पडला आहे. लग्नाची आमंत्रणे प्रथम ‘सगळ्यांनी या’ अशी येत. मग ‘तुम्हांला जमेल तसे’. मग पत्रिका कुणाच्या तरी हाती येऊ लागली. नातेवाइकांच्या घरी मुलाने शोकेसची काच फोडली त्यानंतर आम्हीच जाणे सोडले. मे महिन्यातल्या क्रूसापुढच्या प्रार्थनेला आम्ही पाळीपाळीने जातो. मिस्सेला आम्ही वर्षानुवर्षे बाहेर, नारळाखाली, बुटांच्या रांगेपाशी उभे राहिलो. कुणी हाकलले नाही, हे मुद्दाम सांगतो. मागे वळून पाहिले एवढेच. किल्ला पडायला तोफ लागतेच असे नाही. रसद बंद झाली तरी पुरते.

याचा अर्थ आपला समाज निष्ठुर आहे का? मुळीच नाही. वाडीत मयत झाली की तासाभरात अंगणात खुर्च्या येतात, कुणी चहाचे पातेले चढवतो, कुणी कबरीची व्यवस्था पाहतो, नऊ दिवस घरात माणूस हलत नाही. लग्नात मांडवाच्या कामाला बोलवावे लागत नाही. आपण प्रसंगाला धावणारी माणसे आहोत. पण जे दुःख रोजचे आहे, ज्याला तारीख नाही, बारावे नाही, वर्षश्राद्ध नाही, त्याच्यासाठी आपल्याकडे रीतच घडलेली नाही. आमच्या निदानाच्या आठवड्यात घर माणसांनी भरून गेले होते. मग प्रसंग संपला असे सर्वांना वाटले. आमचा तर तेव्हा सुरू होत होता.

रीत नसणे हा दोष नव्हे. पण रीत घडवता येते, आणि या ठिकाणी पार्कबाईंचे दुसरे पुस्तक महत्त्वाचे ठरते. ‘एक्झिटिंग निर्वाणा’ २००१ साली आले. जेसी तोवर चाळिशीत पोहोचली होती. ती त्याच गावच्या कॉलेजात टपालखोलीत काम करीत होती आणि घरांची, ताऱ्यांनी भरलेल्या आभाळाची भडक रंगांत अचूक चित्रे काढीत होती. या पुस्तकात वेढ्याची भाषा मागे पडली आहे, आणि आमच्या मते हे दुसरे पुस्तक पहिल्याहून कमी प्रसिद्ध असले तरी अधिक शहाणे आहे. त्यात जेसीच्या सोबतिणी येतात : तरुण मुली, बऱ्याचशा विद्यार्थिनी, ज्या त्या घरात राहिल्या, जेसीबरोबर जेवल्या, फिरल्या, तिच्याशी भांडल्या. त्या काही तज्ज्ञ नव्हत्या. आईच्या चिवटपणाला जे एकट्याने कधीच साधले नसते ते या येण्याजाण्याने साधले. बाई त्यांचे ऋण मोकळेपणाने मान्य करतात, तरी आमची तक्रार उरतेच : या मुलींवर त्यांनी आणखी पाने खर्च करावयास हवी होती. त्या पहिल्या दिवशी घाबरल्या का, काय चुकले, का टिकल्या? आईची कहाणी सांगणारी पुस्तके पुष्कळ आहेत. शेजाऱ्याची कहाणी सांगणारे पुस्तक आम्ही शोधतो आहोत.

प्राध्यापकाचे घर, कॉलेजचे गाव, हाताशी विद्यार्थी. अमेरिकेत असली सोय असते, आपले काय, असे कुणी म्हणेल. आपल्याकडे युवक मंडळ आहे, धर्मशिक्षणाचे शिक्षक आहेत, सेंट व्हिन्सेंट द पॉल सोसायटी आहे, निवृत्त शिक्षक तर घरटी एक आहे. कायद्यानेही आता दार उघडले आहे. १९९५च्या अपंगविषयक कायद्यात ऑटिझमचे नाव नव्हते, १९९९च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात ते आले, २०१६च्या कायद्यात एकवीस प्रकारांत त्याची गणना झाली. दिल्लीत १९९१पासून पालकांनी चालवलेली ‘अॅक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था आहे. प्रमाणपत्रे आम्ही काढली आहेत. ती कपाटात आहेत. कायदा प्रमाणपत्र देतो, दुपारी चार ते पाच हा तास मात्र देऊ शकत नाही.

ख्रिस्तसभेचे कागदही स्वच्छ आहेत. पोप दहावे पायस यांनी १९१० साली लहान मुलांना ख्रिस्तशरीर देण्याचा आदेश काढला, तेव्हा साधी भाकर आणि ही भाकर यांतला भेद आपल्या परीने ओळखण्यापुरती समज त्यांनी पुरेशी मानली. १९८३च्या धर्मविधिसंहितेतही ‘आपापल्या कुवतीनुसार’ ही सवलत आहे. २०१४च्या नोव्हेंबरात दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमध्ये ऑटिस्टिक मुले व त्यांचे पालक यांची भेट घेतली आणि या घरांभोवतीचे एकटेपण व कलंक मोडून काढण्याचे आवाहन केले. २०२०च्या धर्मशिक्षण-निर्देशिकेनुसार अपंग व्यक्तीला संस्कार नाकारण्याचा अधिकार कुणालाही नाही. इतके असूनही आमच्या मुलाचा पहिला कम्युनियन तीन वर्षे लांबला. ‘त्याला आधी समजू द्या’, असे आम्हांला एका ठिकाणी सांगण्यात आले. त्या सांगणाऱ्यावर आमचा राग नाही. समजणे म्हणजे पाठ म्हणून दाखवणे, अशी आपली सर्वांचीच समजूत आहे.

अखेर अडचण निघाली ती समजुतीची नव्हतीच, जिभेची होती. पातळ होस्तिया टाळ्याला चिकटते, आणि तो स्पर्श त्याला सहन होत नसे. आमच्या आळीतल्या एक निवृत्त शिक्षिका, ज्यांना सारेजण बाई म्हणतात, अभिमंत्रण न झालेल्या होस्तिया फादरांकडून मागून घेऊन घरी येऊ लागल्या. पहिल्या आठवड्यात त्यांनी त्या नुसत्या टेबलावर ठेवल्या. मग त्याच्या तळहातावर. मग नखाएवढा तुकडा. मधल्या काळात त्या एकदाही म्हणाल्या नाहीत की आम्ही धीराचे आहोत. मार्कलिखित शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशू बहिऱ्या-तोतऱ्या माणसाला गर्दीतून बाजूला नेतो आणि एकांतात बरे करतो. हे ‘बाजूला नेणे’ आम्ही पूर्वी नीट वाचलेच नव्हते. फादरांनी शनिवारी दुपारी, माइक बंद ठेवून, पंखे मात्र चालू ठेवून, चौदा माणसांच्या उपस्थितीत मिस्सा केली. मुलाने हात पुढे केला. तुकडा तोंडात टाकला आणि लगेच वर, चौथ्या पंख्याकडे पाहिले. पंखा नवीन बसवला होता.

आमच्या पश्चात काय, हा प्रश्न पार्कबाईंच्या दोन्ही पुस्तकांच्या तळाशी वाहत असतो. त्या २०१० साली गेल्या. जेसीला भावंडे होती, गाव होते, टपालखोली होती. आमच्या मुलाला एक मोठी बहीण आहे, आणि तिचे आयुष्य आम्ही आत्ताच लिहून ठेवावे असे आम्हांला वाटत नाही. हा प्रश्न एका घराने सोडवण्याजोगा नाही, एवढेच आम्हांला कळते. या अंकाच्या वाचकांपैकी कुणाच्या घरात तो असेल तर आम्हांला भेटावे.

‘द सीज’ची आमची प्रत गेल्या वर्षी बाईंनी वाचावयास नेली. त्या इंग्रजी शिकवीत असत, त्यामुळे परत आली तेव्हा समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या, दोन ठिकाणी लेखिकेच्या विरामचिन्हांची दुरुस्तीदेखील. जिथे कुणी बाहेरचे माणूस प्रथम त्या घरात येऊन राहते त्या पानावर त्यांनी एक बारीक रेघ ओढून लिहिले होते : ‘गुरुवारी चार ते पाच चालेल का?’ चालले. सध्या गुरुवारी आम्ही दोघे मिळून बाजारात जातो. पुस्तक बाईंनी सांगितल्यावरून त्यांच्या पुतण्याकडे गेले आहे. तो युवक मंडळात आहे, आणि त्याने अजून ते परत केलेले नाही.